जिभेशी भांडून हृदय जपता येत नाही

हृदयविकाराचं निदान झालं की घरात दोन कागद येतात. एकावर औषधं असतात, दुसऱ्यावर पथ्य. औषधं ज्याची त्यानं घ्यायची असतात. पथ्याचा कागद मात्र रुग्णाच्या हाती न राहता थेट स्वयंपाकघरात जातो. मीठ कमी, तेल कमी, तळण बंद, खोबरं नको, लोणचं-पापड विसरा. त्यात रुग्ण खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असेल, दुधी पाहून ताट सरकवणारा, भेंडी जराशी चिकट लागली की थांबणारा, आमटीत मीठ किंचित कमी पडलं तरी ओळखणारा असेल, तर आप्तेष्ट एकच सल्ला देतात : आता जिभेचे चोचले पुरे झाले, चव महत्त्वाची की जीव?

हा प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो उथळ आहे. चव आणि जीव यांतलं एकच निवडायचं आहे, हे त्यानं कोणताही विचार न करता गृहीत धरलं आहे. माझं म्हणणं याच्या उलट आहे. चोखंदळ जोडीदारासाठी हृदयाला मानवेल असा स्वयंपाक करायचा असेल, तर त्याची आवडनिवड हाच त्या स्वयंपाकाचा पाया धरावा लागतो. हा आहार उरलेल्या आयुष्यभराचा असतो, आणि जे अन्न मनापासून आवडत नाही ते कोणीही आयुष्यभर खात नाही. म्हणून खरं काम पदार्थ काढून टाकण्याचं कमी आणि चव नव्यानं उभी करण्याचं जास्त आहे. आणि ते काम रांधणाऱ्या एकट्या व्यक्तीचं नाही. ही भूमिका टप्प्याटप्प्यानं मांडतो.

१. रूढ समजुतीतल्या तीन चुका

पहिली चूक मुदतीची. आपल्या घरांत पथ्याची कल्पना कावीळ, टायफॉइड, बाळंतपण अशा प्रसंगांतून घडलेली आहे. त्या पथ्याला शेवट असतो. चाळीस दिवस मऊ भात खाल्ला की पुन्हा सगळं सुरू. असं पथ्य नावडतं असलं तरी निभतं, कारण त्याचा शेवटचा दिवस माहीत असतो. रक्तवाहिन्यांत मेदाचे थर साचण्याची प्रक्रिया मात्र कित्येक दशकं चालते आणि अँजिओप्लास्टी करून एक अरुंद जागा मोकळी केली तरी बाकीच्या वाहिन्यांत ती थांबत नाही. कावीळीच्या पथ्याचा साचा इथे लावला की पहिले दोन महिने कडक शिस्त आणि तिसऱ्या महिन्यापासून पूर्ववत जेवण, हा ठरलेला क्रम होतो.

दुसरी चूक नैतिक निवाड्याची. न आवडणं म्हणजे लाड, हट्ट किंवा कमकुवत मन, असं आपण ठरवून टाकतो. एकदा दोष स्वभावाचा ठरला की उपायही दटावण्याचाच सुचतो. पुढे दाखवणार आहे त्याप्रमाणे, चोखंदळपणाला बऱ्याचदा शारीरिक कारणं असतात आणि ती समजून घेतली तर त्यांवर तोडगाही निघतो.

तिसरी चूक वेगळ्या ताटाची. एकाला 'पथ्याचं' आणि बाकीच्यांना 'नेहमीचं' अशी वाटणी घरात होते. ५२ देशांतल्या रुग्णांवर आधारलेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासातून २००७ मध्ये पुढे आलेली एक गोष्ट आपण गंभीरपणे घ्यायला हवी. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचं सरासरी वय दक्षिण आशियाई लोकांत ५३ होतं, इतर देशांतल्या लोकांत ५९. म्हणजे धोका आपल्याकडे साधारण सहा वर्षं आधी येतो. ज्या घरात एकाला झटका आला, त्या घरातली भावंडं, मुलं आणि वर्षानुवर्षं त्याच कढईतलं खाणारा जोडीदार यांनाही हाच आहार हवा असतो. वेगळं ताट मांडून आपण रुग्णाला एकटं पाडतो आणि बाकीच्यांना खोटी सुरक्षितता देतो.

२. चोखंदळपणाचे चार प्रकार

'त्यांना काहीच आवडत नाही' हे वाक्य रांधणाऱ्याच्या काही उपयोगाचं नाही. नकार कशाला आहे, हे आधी शोधावं लागतं. साधारण चार प्रकार आढळतात.

पहिला कडूपणाचा. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या अमेरिकी रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाच्या पदार्थाची पूड उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती जहर कडू लागली, फॉक्सला काहीच जाणवलं नाही. कडू चव ओळखण्याची क्षमता माणसागणिक वेगळी आणि आनुवंशिक असते, हे त्यातून लक्षात आलं. त्यामागचं मुख्य जनुक २००३ मध्ये हाती लागलं. कोबी, मुळा, मोहरीचा पाला यांतल्या गंधकयुक्त द्रव्यांचा कडवटपणा काहींना खरोखरच जास्त लागतो. अशा माणसाला 'एवढं काय त्यात' म्हणणं अन्यायाचं आहे. त्याची जीभ वेगळी आहे.

दुसरा पोताचा. भेंडीचा बुळबुळीतपणा, शिजून लगदा झालेला दुधी, पाणचट पडवळ. इथे चवीला हरकत नसते, तोंडात होणाऱ्या स्पर्शाला असते. तिसरा वासाचा. उकडलेल्या कोबीचा, मासळीचा, मेथीचा. आपण ज्याला चव म्हणतो त्याचा मोठा भाग घशामागून नाकात जाणारा गंध असतो, त्यामुळे वास नकोसा झाला की पदार्थच नकोसा होतो. चौथा ओळखीचा. माणसाला ताटात आपलं, लहानपणापासून माहीत असलेलं अन्न हवं असतं. ओट्सची खीर किंवा उकडलेली ब्रोकोली समोर आली की नकार पदार्थापेक्षा परकेपणाला असतो.

यात वयाची भर पडते. उतारवयात घ्राणशक्ती मंदावते, रक्तदाबाच्या काही औषधांनी तोंडाची चव बदलते, झटक्यानंतर मन उदास होतं तेव्हा भूकही मरते. एखाद्याचं खाणं अचानक घटलं असेल तर तो चोखंदळपणा मानून सोडून देऊ नये, डॉक्टरांना सांगावं.

३. वजाबाकीआधी बेरीज

पथ्य म्हणजे कमी करणं, ही समजूत संशोधनालाही धरून नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'डॅश' प्रयोग याबाबत निर्णायक आहे. अमेरिकेतल्या ४५९ प्रौढांपैकी एका गटाच्या जेवणात फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुधाचे पदार्थ वाढवले गेले, संपृक्त मेद कमी केला गेला. मिठाचं प्रमाण सर्व गटांत सारखंच होतं आणि वजनही स्थिर ठेवलं होतं. तरीही आठ आठवड्यांत रक्तदाब उतरला. ज्यांना उच्च रक्तदाब होता त्यांचा वरचा आकडा तुलनेच्या गटापेक्षा सरासरी ११ अंकांनी खाली आला. याचा अर्थ मीठ कमी करू नये असा नाही. २००१च्या पुढच्या प्रयोगात मीठही कमी केल्यावर आणखी फायदा दिसला. पण ताटात काय वाढलं, याचं वजन काय काढलं याच्याइतकंच आहे, हे त्यातून सिद्ध झालं.

स्पेनमधला 'प्रेडिमेड' अभ्यास हेच दुसऱ्या बाजूनं सांगतो. त्यात हृदयविकाराचा धोका असलेल्या हजारो लोकांना भूमध्य सागरी पद्धतीच्या जेवणात ऑलिव्ह तेल किंवा बदाम-अक्रोडांची भर घालायला सांगितलं होतं. दुसऱ्या गटाला स्निग्ध पदार्थ कमी करायला सांगितलं होतं. कार्यपद्धतीतल्या त्रुटींमुळे २०१३चा निबंध मागे घेऊन २०१८ मध्ये फेरविश्लेषणासह पुन्हा छापावा लागला, पण निष्कर्षाची दिशा तीच राहिली : चांगल्या स्निग्धांची भर घालणाऱ्या गटांत हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी होत्या.

चोखंदळ माणसासाठी या बेरजेला खास महत्त्व आहे. त्याच्या आवडीच्या पदार्थांची यादी आधीच छोटी असते. तीतून चार पदार्थ काढले तर उरतंच काय? त्याऐवजी त्या यादीतले निम्मे तरी पदार्थ हृदयाला चालणारे असतात, ते शोधून त्यांचं प्रमाण वाढवलं की नकोशा पदार्थांची जागा आपोआप आकसते. ज्याला मुगाची उसळ आवडते त्याला ती आठवड्यातून तीनदा मिळाली तर बटाटेवड्याबद्दल रोज वाद घालावा लागत नाही.

४. मीठ : जीभ शिकते, पण तिच्या गतीनं

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते; म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. भारतीयांचं सरासरी सेवन याच्या दीडपटीहून अधिक आहे. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ तयार खाद्यपदार्थांतून येतं, आपल्याकडे मोठा वाटा अजून घरच्या मिठाच्या डब्यातून जातो. म्हणजे तो आपल्या हातात आहे. साधा हिशेब करून पाहावा. चौघांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम मीठ ही कमाल मर्यादा धरली, तर एक किलोची पिशवी किमान ५० दिवस पुरायला हवी. लोणचं, पापड, फरसाण, पाव, बिस्किटं यांतलं मीठ वेगळं येत असल्यानं खरं तर त्याहूनही जास्त. आपल्या घरात ती किती दिवसांत संपते, हे पिशवीवर तारीख लिहून ठेवलं की कळतं.

आता चोखंदळ जिभेचा प्रश्न. १९८२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संशोधन केंद्रातल्या बर्टिनो, बोशँप आणि एंगलमन यांनी काही तरुणांना पाच महिने कमी मिठाच्या आहारावर ठेवलं. त्या काळात त्यांना सुपात आणि बिस्किटांत आवडणारं मिठाचं प्रमाणच खाली आलं. जिभेची पातळी बदलते, फक्त तिला आठवड्यांचा नव्हे, महिन्यांचा अवधी लागतो. एका दिवसात मीठ निम्म्यावर आणणं म्हणूनच हमखास फसतं. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं कमी करत गेलं तर चोखंदळ माणूसही ते स्वीकारतो.

आणखी एक बारकावा रांधणाऱ्याला माहीत हवा. मीठ कडूपणा झाकतं. भाजीतलं मीठ कमी झालं की तिचा दबलेला कडवटपणा वर येतो आणि कडू चवीला संवेदनशील असलेल्या माणसाला ती भाजी दुप्पट नकोशी होते. मीठ काढताना त्या जागी दुसरं काहीतरी यायला हवं. आपल्याकडे आंबटाची केवढी श्रीमंती आहे : लिंबू, चिंच, आमसूल, कैरी, ताक, टोमॅटो. त्याला भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिंग, ओवा, आलं, लसूण, कोथिंबीर यांची जोड. आमटीत दोन आमसुलं जास्त पडली तर मिठाची उणीव जाणवत नाही. मीठ शिजताना न घालता शेवटी घातलं तर कमी प्रमाणातही ते जिभेला लवकर भेटतं. कणकेतलं, भाकरीच्या पिठातलं आणि भातातलं मीठ पूर्ण बंद करणं सर्वांत सोपं, कारण सोबत भाजी-आमटी असतेच.

काही गैरसमजही दूर व्हावेत. सैंधव आणि काळं मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतं, ते मोजणीत धरावं. पोटॅशियम मिसळलेल्या मिठाचा मोठा प्रयोग चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झाला; २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा रक्तदाबाची काही औषधं घेणाऱ्यांना असं मीठ घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

५. तेल, तूप, खोबरं : प्रमाण आणि क्रम

हृदयरुग्णांना आपल्याकडचे बरेच डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ माणशी महिना अर्धा लिटर तेलाची मर्यादा सांगतात. म्हणजे दिवसाला चहाचे तीन चमचे. हे ऐकून घाबरणाऱ्यानं फोडणीचा विचार करावा. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता यांचा गंध तेलात उतरतो, म्हणून तेल लागतंच. पण त्यासाठी एक चमचा पुरतो. सुरुवातीला पळीभर तेलात परतलेली भाजी शिजेपर्यंत फोडणीचा बराचसा गंध उडून जातो. तीच फोडणी एका चमच्यात करून वाढण्याआधी वरून घातली तर गंध ताटापर्यंत पोहोचतो. वासावर जगणाऱ्या चोखंदळ माणसाला पहिल्यापेक्षा दुसरी भाजी अधिक चविष्ट लागते, आणि तेल एक तृतीयांश झालेलं असतं. पथ्य आणि चव यांत भांडण नाही, याचा हा स्वयंपाकघरातला पुरावा.

तेल कोणतं, याचं उत्तर परदेशातून आणायची गरज नाही. शेंगदाणा आणि करडई ही आपली जुनी तेलं संपृक्त मेदात कमी आहेत. टाळायचं ते वनस्पती तूप आणि पुन्हापुन्हा तापवलेलं तळणाचं तेल. खाद्यतेलांतल्या ट्रान्स मेदाची मर्यादा २०२२ पासून कायद्यानं २ टक्क्यांवर आणली आहे, पण रस्त्यावरच्या कढईत दिवसभर उकळणारं तेल कायद्याच्या नजरेबाहेरच राहतं.

कोकण आणि गोव्यातल्या घरांपुढचा प्रश्न वेगळा आहे. खोबऱ्यातला मेद बहुतांशी संपृक्त आहे आणि खोबऱ्याशिवाय तिथलं जेवण आपलं वाटत नाही. इथे बंदी घालणं म्हणजे चौथ्या प्रकारचा नकार ओढवून घेणं. वाटणात खोबरं निम्मं करावं, दाटपणासाठी भाजलेला कांदा आणि थोडं भाजलेलं तांदळाचं पीठ घ्यावं. तिरफळ, आमसूल आणि मिरची तीच ठेवावी. बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे ओमेगा-३ मेदानं समृद्ध आहेत; ते रव्यात घोळवून तळण्याऐवजी कालवणात किंवा तव्यावर चमचाभर तेलात केले तर मत्स्याहारी घराला याहून चांगलं हृदयान्न मिळणार नाही. तुपाचंही तेच. वरणभातावर चमचाभर तूप ज्याला हवंच असतं, त्याला ते द्यावं आणि दिवसाच्या हिशेबात धरावं. तेवढ्या एका चमच्यामुळे बाकीचं ताट आनंदानं संपत असेल तर तो सौदा फायद्याचा आहे.

६. नकारानुसार पदार्थ

आता दुसऱ्या टप्प्यातली चार प्रकारांची विभागणी कामाला येते.

पोताला नकार असेल तर पोत बदलावा. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी पुसावी, मग चिरावी; लोखंडी कढईत झाकण न ठेवता परतावी आणि आमसूल घालावं. चिकटपणा जातो. दुधी ज्याला लगदा वाटतो त्याला किसलेल्या दुधीचं खमंग थालीपीठ आवडू शकतं. शिजवलेला कोबी नको असणाऱ्याला कच्च्या कोबीची लिंबू पिळलेली पचडी चालते. कडूपणाला नकार असेल तर आंबट आणि किंचित गोड यांची जोड द्यावी. चिंच-गुळाची कारली हा आपल्या आज्यांनी शोधलेला उपाय आहे. मधुमेह असेल तर गुळाचा हात आखडता घ्यावा. वासाला नकार असेल तर पालेभाजी ताकात करावी, डाळ-दाणे घालावेत, वरून लसणाची फोडणी द्यावी.

परकेपणाला नकार असेल तर उत्तर अधिकच सोपं आहे, कारण मराठी स्वयंपाकात हृदयाला मानवणारे पदार्थ भरपूर आहेत. ज्वारी, बाजरी, नाचणीच्या भाकऱ्या. मटकी, मूग, चवळी, वाल यांच्या उसळी. कुळथाचं पिठलं. वांग्याचं भरीत. काकडी, गाजर, मुळ्याच्या कोशिंबिरी. सोलापूर-मराठवाड्याकडची जवसाची आणि कारळ्याची चटणी. जवसात तर वनस्पतिजन्य ओमेगा-३ मेद मुबलक असतो. कढीपत्त्याची चटणी तोंडाला चव आणते आणि लोणच्याची जागा घेते. डॅश आणि प्रेडिमेड यांनी जे सांगितलं त्यातलं बरंचसं भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक या ताटात आहे. अडचण एवढीच की गेल्या काही दशकांत पाव, बिस्किटं, फरसाण, मैदा आणि भाजीवरच्या तेलाच्या तवंगानं हे ताट मागे ढकललं.

७. लपवून खाऊ घालू नये

पुष्कळांना वाटतं की चोखंदळ माणसाला सांगूच नये. भाजी वाटून ग्रेव्हीत घाला, पोळीत पालक मिसळा, कळणारही नाही. थालीपिठात दुधी किसून घालणं ही पाककृती आहे. तो पदार्थ सर्वांना ठाऊक असतो. पण जाणूनबुजून फसवणं वेगळं. ते उघडकीस येतं, आणि त्यानंतर तो माणूस प्रत्येक घासाकडे संशयानं पाहतो. आजारपणात अन्न वाढणाऱ्यावरचा विश्वास हा औषधाइतकाच मोलाचा असतो. दोन पालकाच्या जुड्यांसाठी तो खर्चू नये.

दुसरं असं की लपवून खाल्लेल्या अन्नाची आवड निर्माण होत नाही. एखादी चव पुन्हापुन्हा, दडपणाशिवाय समोर आली की ती हळूहळू आपलीशी होते, हे लहान मुलांवरच्या आहार-अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. मोठ्यांनाही ते लागू पडतं, याला चहा-कॉफीची आवड हा पुरावा पुरे. त्यासाठी आपण काय खातो आहोत हे माणसाला कळायला हवं. म्हणून मीठ कमी करायचं तेही आधी ठरवून, सांगून करावं. दिवस ठरवायला नको, पण निर्णय दोघांचा हवा.

८. हे काम कोणाचं?

इथे मी सर्वांत ठामपणे बोलतो. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातल्या विनामोबदला कामात रोज सहभागी होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ८१ टक्के होतं, पुरुषांचं २६ टक्के. आणि सहभागी स्त्रिया त्यावर सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. नवऱ्याला हृदयविकार झाला की या विषम वाटणीत आणखी एक भार बायकोवर पडतो. तिनं वेगळं रांधायचं, नाकं मुरडलेली पाहायची, आणि कोलेस्टेरॉलचा अहवाल बिघडला तर 'तू लक्ष दिलं नाहीस' हेही ऐकायचं. बायको रुग्ण असेल तेव्हा तर ती स्वतःसाठी वेगळं काही करतच नाही. घराला चालणारं, म्हणजे नवऱ्याला आवडणारं, तेच खाते. तिचा आजार स्वयंपाकघराच्या दारातच अडतो.

आवडनिवड असणं हा कोणाचाही अधिकार आहे. पण त्या अधिकाराबरोबर एक कर्तव्य येतं : आपल्याला काय चालतं हे शोधण्याचं काम आपण स्वतः करायचं. 'हे नको' म्हणणाऱ्यानं 'मग काय चालेल' हेही सांगावं, बाजारातून ते आणावं, निवडावं, आठवड्यातले काही दिवस स्वतः कढईसमोर उभं राहावं. याला न्यायाच्या पलीकडचंही कारण आहे. जो स्वतः आमटीत मीठ घालतो, चाखतो, थोडं लिंबू पिळतो, पुन्हा चाखतो, त्याला आपल्या जिभेची सीमा कळते. चोखंदळ माणसाला चवीचा बारीक फरक कळतो. हा गुण तक्रारीत वाया घालवण्यापेक्षा फोडणीत वापरला, तर घरातला उत्तम स्वयंपाकी तोच होऊ शकतो.

९. काही आक्षेप

'आमचे आजोबा तूप-साखर खाऊन नव्वदी पार करून गेले.' जे इतके जगले त्यांचीच आठवण राहते. पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेल्यांचं निदानही त्या काळी झालं नाही. शिवाय आजोबा दिवसभर शेतात किंवा पायी होते, आणि त्यांच्या ताटात भाकरी-उसळ रोज होती, बिस्किटांचा पुडा नव्हता.

'स्टॅटिन चालू आहे, मग खाण्याचं काय?' औषधं कोलेस्टेरॉल उतरवतात आणि ती घेतलीच पाहिजेत. पण रक्तदाब, वजन, रक्तातली साखर यांवर रोजच्या ताटाचा परिणाम होतच राहतो. एकामुळे दुसऱ्याची गरज संपत नाही. उलट औषधानुसार आहारही जपावा लागतो : रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं आणि ते एकसारखं ठेवावं.

'नोकरी करून एवढं कोण करणार?' मी सुचवलेल्या बहुतेक गोष्टींत काम वाढत नाही. कणकेत मीठ न घालणं, फोडणी शेवटी घालणं, भेंडी पुसून चिरणं यांना वेळ लागत नाही. वेगळ्या ताटाऐवजी एकच स्वयंपाक झाला तर उलट वेळ वाचतो. आणि हातांची संख्या दोनाची चार झाली तर प्रश्नच उरत नाही.

'उरलं आयुष्य कशाला आळणी करायचं?' या आक्षेपाचा मी आदर करतो. चवीशिवाय जगणं हे जगणं नव्हे, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच आळणी जेवणाचा मी विरोध करतो. सणाची पुरणपोळी, आषाढातलं तळण, मित्रांबरोबरची मिसळ यांना जागा हवी. हृदयाचं नुकसान रोजच्या सवयीनं होतं, वर्षातल्या चार सणांनी नाही. ज्यांचं हृदय निकामी होत चाललं आहे आणि ज्यांना मीठ-पाण्याची कडक मर्यादा दिली आहे, त्यांनी मात्र सणाच्या दिवशीही डॉक्टरांचंच ऐकावं.

१०. निवाडा

चोखंदळ जोडीदाराला शिस्त लावून किंवा फसवून हृदयाचं रक्षण होत नाही, कारण दोन्ही मार्ग काही महिन्यांतच संपतात. टिकतो तो एकच मार्ग : नकाराचं कारण शोधायचं, आवडीच्या पदार्थांची बेरीज करायची, मीठ-तेल जिभेच्या गतीनं उतरवायचं, साऱ्या घरासाठी एकच स्वयंपाक करायचा आणि तो दोघांनी करायचा. ज्या घरात हृदयविकाराचं निदान झालं आहे, त्या घरातल्या रुग्णाला माझी एवढीच विनंती आहे. पथ्याचा कागद स्वयंपाकघरात पाठवू नका, तो घेऊन स्वतः आत जा. आज रात्रीची आमटी तुम्ही करा, मीठ तुम्ही घाला, आणि ते नेहमीपेक्षा थोडं कमी घाला.